एका कातळाला एक माणूस द्या: कोकण किनाऱ्यावरच्या प्राणिशास्त्र विभागांना खुले पत्र

प्रति,
सर्व प्राणिशास्त्र विभागप्रमुख,
डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंतची महाविद्यालये आणि विद्यापीठे

सन्माननीय सहकाऱ्यांनो,

मी ३० वर्षं कोकणातल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवलं. १९९३ च्या डिसेंबरपासून २०२२ मध्ये निवृत्त होईपर्यंत देवगड तालुक्यातल्या एका खडपावर, म्हणजे ओहोटीला उघड्या पडणाऱ्या कातळावर, एकाच रेषेवर, कणा नसलेले प्राणी मोजले. वरच्या कोरड्या कातळापासून उधाणाच्या सुकतीलाच (सगळ्यात खोल ओहोटीलाच) उघड्या पडणाऱ्या खालच्या टोकापर्यंत ही रेषा ६० मीटर आहे. दर तीन मीटरला कातळात एक पोलादी खिळा ठोकलेला आहे. खिळ्याला अर्ध्या मीटरची चौकट लावायची, आत जे दिसेल ते मोजायचं, वहीत लिहायचं, पुढच्या खिळ्याकडे जायचं. पावसाळ्याआधी एकदा, पावसाळ्यानंतर एकदा. मी निवृत्त झाले आणि मोजणी थांबली. ती थांबू नये म्हणून कोणी काही करायला हवं होतं, असं तेव्हा कोणाच्या मनातही आलं नाही. माझ्याही आलं नाही, आणि त्याची खंत मला रोज वाटते.

आपल्याकडे माझं एकच मागणं आहे. आपल्या विभागाच्या जवळचा एक कातळ निवडा आणि तो मोजायचं काम विभागाचं म्हणून स्वीकारा. कोणा एका प्राध्यापकाच्या आवडीवर ते सोडू नका.

या कामाला मी कशी लागले ते थोडं सांगते. माझी आई कालवं काढायला जायची. मी सोबत जायचे, पिशवी धरायला. आईला आणि तिच्या सोबतिणींना तिथीवरून भरतीचा अंदाज असे. तिथीची पाऊणपट करायची, म्हणजे अष्टमीला सहा वाजता भरती. अंदाजाला हा हिशेब पुरतो. सगळ्यात खोल सुकती अमावस्येच्या दिवशी नसते, तिच्यानंतर एक-दोन दिवसांनी असते, हेही मला पुस्तकाआधी आईने सांगितलं. पुढे एम.एस्सी.ला सागरी जीवशास्त्र घेतलं, तेव्हा शिक्षकांना वाटलं मी मासे घेईन. माशांवर काम केलं तर मत्स्य खात्यात नोकरी मिळते. मी कातळ घेतला, कारण तिथे काय राहतं हे मला लहानपणापासून माहीत होतं आणि तरी त्यातल्या निम्म्यांची नावं कोणी सांगू शकत नव्हतं.

आपल्यातल्या ज्या तरुण प्राध्यापकांना सुकतीला खडपावर उतरायची संधी मिळालेली नाही, त्यांच्यासाठी थोडं विस्ताराने लिहिते. वरच्या टोकाला, जिथे फक्त तुषार पोचतात, तिथे ज्वारीच्या दाण्याएवढ्या लिटोरिना गोगलगाई भेगांत दाटीवाटीने बसलेल्या असतात. मे महिन्यात हा कातळ हाताला चटका देतो. त्या आपलं झाकण मिटून, कडेला चिकाच्या एका टिपक्याने चिकटून, पाण्याची वाट पाहत राहतात. त्याखाली बार्नेकल. पुष्कळ विद्यार्थी त्यांना शिंपले समजतात, पण ते खेकड्याचे आणि कोळंबीचे भाऊबंद. एकदा डोक्याने कातळाला चिकटले की जन्मभर तिथेच, आणि पाणी आलं की पायांनी अन्न आत ओढायचं. त्यांच्याखाली कालवांचा पट्टा, एकावर एक, धार अशी की माझ्या दोन्ही घोट्यांवर त्यांच्या खुणा आहेत. कालवांच्या फटींत नेरिटा शंख, कालवांना भोकं पाडून खाणारे थाइस शंख, चपट्या अंगाचे पोर्सेलिन खेकडे, आणि दगड उचलला तर ठिसूळ हातांचे ब्रिटल स्टार. मोकळ्या कातळावर टोपीसारखे लिम्पेट. भरतीत ते शेवाळ खरवडत फिरतात आणि त्यांच्यातले कित्येक पाणी ओसरायच्या आत आपल्या ठरलेल्या जागेवर परत येतात. त्या जागी कातळ आणि कवच एकमेकांना नेमके बसतील असे झिजलेले असतात. अगदी खाली, पाय ठेवायला भीती वाटावी इतकी जिवंत जमीन: झोआंथिडचे, म्हणजे समुद्रफुलांसारख्या पण वसाहतीने राहणाऱ्या जीवांचे, हिरवे-तपकिरी गालिचे, स्पंज, समुद्रफुलं, शिनाणे (कातळाला चिकटून राहणारे लांबट शिंपले), आणि नशीब असेल तर समुद्री ससा ही मऊ अंगाची मोठी गोगलगाय.

हे सगळं काही पावलांत. डोंगर चढताना हजार मीटरला हवामान बदलतं, इथे दोन-अडीच मीटरच्या उंचीत बदलतं. वरची मर्यादा बहुधा ऊन आणि कोरडेपण ठरवतं, खालची मर्यादा शेजारी ठरवतात: जागा बळकावणारे आणि खाणारे. जोसेफ कॉनेलने स्कॉटलंडमधल्या कुंब्रे बेटाच्या किनाऱ्यावर बार्नेकलच्या दोन जातींवर प्रयोग करून हे दाखवलं आणि १९६१ मध्ये छापलं. आपण ते एम.एस्सी.ला शिकवतो. रॉबर्ट पेनही शिकवतो: १९६३ पासून वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावरून त्याने पिसास्टर हे तारामासे उपटून समुद्रात फेकले, आणि तारामासा गेल्यावर शिंपल्यांनी कातळ व्यापला, १५ जातींच्या ८ झाल्या. मी हा प्रयोग वर्गात कित्येक वर्षं एका तासात संपवला. पेन पुढे टाटूश बेटावर आणि आसपास दशकानुदशकं परत परत जात राहिला, त्याचे विद्यार्थी आणि त्यांचे विद्यार्थी जात राहिले, हे सांगायचं राहून जायचं. २०१३ पासून त्या किनाऱ्यावरचे तारामासे रोगाने विरघळू लागले. काय गेलं आणि किती गेलं हे सांगता आलं, कारण आधी किती होते ते लिहिलेलं होतं.

पण माझं सगळ्यात आवडतं उदाहरण दुसरं आहे, आणि आपण ते अभ्यासक्रमात घालावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. कॅलिफोर्नियात माँटेरे उपसागरावर हॉपकिन्स मरीन स्टेशन आहे. तिथे विलिस ह्युआट नावाच्या संशोधकाने १९३१ ते १९३३ मध्ये पीएच.डी.साठी कातळावर एक पट्टा आखला, यार्ड-यार्डाचे चौकोन पाडले आणि त्यातले प्राणी मोजले. खुणेसाठी कातळात पितळी खिळे ठोकले. मग तो गेला, प्रबंध ग्रंथालयात राहिला. ६० वर्षांनी तिथल्या दोन पदवीच्या विद्यार्थ्यांनी, राफे सॅगरिन आणि सॅरा गिलमन यांनी, तो प्रबंध हातात धरून खिळे शोधले. खिळे जागेवर होते. त्यांनी तेच चौकोन पुन्हा मोजले. दक्षिणेकडच्या उबदार पाण्यातल्या ९ जातींपैकी ८ वाढल्या होत्या. उत्तरेकडच्या थंड पाण्यातल्या ८ पैकी ५ कमी झाल्या होत्या. किनाऱ्याच्या पाण्याचं सरासरी तापमान त्या काळात पाऊण अंशाने चढलं होतं. १९९५ मध्ये हे सायन्स नियतकालिकात आलं. हवामान बदलाचा असर सजीवांवर दिसतो आहे, हे दाखवणाऱ्या सुरुवातीच्या पुराव्यांपैकी तो एक ठरला.

त्यांना यासाठी काय लागलं ते पाहा. दोन विद्यार्थी, एक चौकट, सुकतीचं वेळापत्रक. महागडं यंत्र एकही नाही. आणि मुख्य म्हणजे कोणीतरी साठ वर्षं न फेकलेला एक प्रबंध.

आपल्याकडे अशी सुरुवात झालेलीच नाही असं नाही. मेल्विल आणि ॲबरक्रॉम्बी यांनी १८९३ मध्ये मुंबईच्या समुद्री शंख-शिंपल्यांची यादी प्रसिद्ध केली. मेल्विलचा संग्रह आज वेल्समध्ये, कार्डिफच्या संग्रहालयात आहे. बोमन छापगर यांनी तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या समुद्री खेकड्यांवर केलेलं काम बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये १९५७ मध्ये आलं. मी विद्यार्थिनी असताना त्याची झेरॉक्स प्रत खडपावर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून न्यायचे. खेकड्याच्या पाठीवरचे खळगे, डोळ्यांमधल्या कपाळाची कड, नांगीच्या आतल्या बाजूचा रंग, हे पाहून नाव ठरवायला मला त्या पानांनी शिकवलं. पण यादी म्हणजे मोजणी नव्हे. अमुक खेकडा मुंबईत सापडतो हे छापगर यांनी सांगितलं. एका ठरावीक चौकोनात तो १९५७ मध्ये किती होता हे आज आपल्याला हवं आहे, आणि ते कोणी लिहून ठेवलेलं नाही.

आता माझ्या मोजणीचं काय झालं ते सांगते. कोणाचं नाव घेणार नाही, कारण असं सगळीकडे होतं.

मी २००१ ते २००३ रेषेवर जाऊ शकले नाही. प्रकल्पाचा निधी तीन वर्षांचा होता, तो संपला. विभागाचं म्हणणं पडलं की यातून शोधनिबंध निघत नाही, तर सुट्टी कशाच्या नावावर द्यायची. त्यांचंही अगदी चूक नव्हतं. मोजणीतून पहिली काही वर्षं खरंच काही निघत नाही. निघतं ते दहाव्या, पंधराव्या, विसाव्या वर्षी. पदोन्नतीचे गुण मात्र दर वर्षी मोजले जातात. मी परत गेले तेव्हा खालच्या चार चौकोनांत शिनाणे जवळजवळ नव्हते आणि त्यांच्या जागी झोआंथिड पसरलेले होते. हे एका पावसाळ्यात झालं की हळूहळू? आधी शिनाणे गेले की आधी झोआंथिड आले? मला माहीत नाही, आणि आता कोणालाही कधीच कळणार नाही. त्या तीन वर्षांच्या रिकाम्या पानांमुळे त्याविषयी मी एक ओळही छापली नाही.

खडपावर कालवं काढणारी एक काकी होती. पहिल्या वर्षी ती मला म्हणाली होती, ‘गो बाय, नुसती मोजतंस कित्याक? खाऊक तर नेणंस नाय.’ पुढे तिला माझी सवय झाली. परत गेले त्या दिवशी तिने आपणहून सांगितलं, थोरलीच्या लग्नाच्या वर्षी शिनाणे धरले होते, धाकटीच्या वेळी नव्हते. माझ्याकडे रिकामी पानं आणि तिच्याकडे दोन लग्नं. माझ्यापेक्षा तिची नोंद सलग होती. तेव्हापासून मी प्रत्येक मोजणीत खडपावर भेटेल त्या बाईला विचारून तिचं म्हणणं वहीच्या डाव्या पानावर लिहू लागले. आपण मोजणी सुरू केलीत तर या बायकांना मानधन देऊन सोबत घ्या. कातळ सुकतीला कुठून धोक्याचा आहे, कोणती कपार वर्षभर ओली राहते, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नाही.

दुसरी गोष्ट बाटल्यांची. निवृत्तीनंतर सहा महिन्यांनी विभागाची खोली रंगवायला काढली. जुन्या बाटल्या टाकून देण्यात आल्या. त्यांत माझ्या रेषेवरचे नमुने होते आणि माझ्या आधीच्या प्राध्यापकांनी १९७० च्या दशकात गोळा केलेले शंखही होते. प्रत्येक बाटलीत, आत, जाड कागदावर पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी होती: जागा, तारीख, कातळाचा कोणता पट्टा. शाई अल्कोहोलमध्ये पसरते, म्हणून पेन्सिल. फॉर्मलिन आम्लधर्मी होऊन कवच खातं, म्हणून शंखांना अल्कोहोल. हे सगळं त्या जुन्या सरांनीच मला शिकवलं होतं.

त्या बाटल्यांची किंमत काय होती? एक उदाहरण देते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी १९९९ मध्ये क्रोनिया कोंकणेन्सिस या शंखाविषयी एक नोंद छापली. नावातच कोकण असलेला हा छोटा मांसाहारी शंख. त्याच्या माद्यांना नराचं इंद्रिय फुटत होतं. अशा विकृतीचं कारण जगभर ठाऊक आहे: जहाजांच्या तळाला जीव चिकटू नयेत म्हणून लावल्या जाणाऱ्या रंगातलं ट्रायब्युटिल टिन. पाण्यातलं त्याचं अत्यल्प प्रमाणही शंखाच्या शरीरात असा घोळ करतं. जहाजांवर असा रंग वापरण्यावर आंतरराष्ट्रीय बंदी २००८ मध्ये अमलात आली. आपल्या किनाऱ्यावर ही विकृती कधी सुरू झाली आणि बंदीनंतर ओसरली का, हे शोधायचं असेल तर दशकादशकाचे जपलेले शंख उघडून माद्या तपासता येतात. आमच्या खोलीत असे शंख होते. आता नाहीत.

तिसरी गोष्ट बंधाऱ्याची. माझ्या रेषेचे वरचे तीन खिळे आज धूपप्रतिबंधक बंधाऱ्याच्या दगडांखाली आहेत. बंधारा नकोच, असं मी म्हणत नाही. मागे घरं आहेत, माडांची बाग आहे, पावसाळ्यात पाणी अंगणात येतं, ते मी पाहिलं आहे. पण त्याआधीच्या पाहणीच्या कागदावर त्या जागी उल्लेखनीय प्राणिजीवन नाही, असं लिहिलेलं मी वाचलं. पाहणी भरतीच्या वेळी झाली होती. पाण्याखालचा कातळ कोणालाही रिकामाच वाटेल. मी वह्या घेऊन गेले तेव्हा दगड पडून गेले होते. वह्या माझ्या घरी होत्या, विभागाच्या नोंदवहीत नव्हत्या, तर विचारणाऱ्याने कुठे विचारायचं?

हा प्रश्न एका बंधाऱ्यापुरता नाही. २०१९ च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेत पर्यावरणदृष्ट्या अतिसंवेदनशील म्हणून खारफुटी आहे, पोवळी आहेत, वाळूच्या टेकड्या, चिखलाणी, समुद्री गवत, कासवांच्या अंडी घालण्याच्या जागा, हॉर्सशू खेकड्यांचे अधिवास आहेत. खडकाळ किनारा म्हणून खडकाळ किनारा त्या यादीत नाही. भरती-ओहोटीच्या मधली जमीन वेगळ्या वर्गात येते, पण त्या जमिनीवर कोण राहतं याची दखल तिथे नाही. २०२० च्या अखेरीस मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी वरळी आणि हाजी अलीच्या कातळावरच्या पोवळ्यांच्या १८ वसाहती उचलून दुसरीकडे बसवल्या. पोवळं वन्यजीव कायद्याच्या अनुसूचीत आहे, म्हणून निदान त्याचा विचार झाला. त्याच कातळांवरच्या झोआंथिड आणि कालवांना अनुसूचीत जागा नाही. मुंबईत २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’च्या तरुण मंडळींनी सुकतीला लोकांना कातळावर नेऊन हे जीव दाखवले, फोटोंसह नोंदवले. मला त्यांचं फार कौतुक वाटतं, आणि थोडी लाजही वाटते. हे काम ज्यांच्याकडे पगार, प्रयोगशाळा आणि दर वर्षी नवे विद्यार्थी आहेत त्यांचं होतं. म्हणजे आपलं.

आपण म्हणाल, निधी कुठून आणायचा. प्लंबरकडून अर्ध्या मीटरची पीव्हीसी चौकट करून घ्या, तिला नायलॉनच्या दोरीने शंभर घरं पाडा. खिळे स्टेनलेस स्टीलचेच घ्या, साधं लोखंड तीन पावसाळ्यांत संपतं. माझे पहिले तसेच संपले. नव्या अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्टला श्रेयांक आहेत, विद्यार्थी त्यातून मिळतील. दर वर्षी नवी मुलं असल्यामुळे चुका होतील, म्हणून पहिल्या दिवशी सगळ्यांनी एकच चौकट वेगवेगळी मोजायची आणि आकडे जुळेपर्यंत पुढे जायचं नाही. नाव ठरत नसेल तर अंदाजाने नाव लिहू नका, ‘लहान काळा शंख, तीन रेघांचा’ असं लिहा आणि एक नमुना ठेवा. पन्नास वर्षांनी कोणीतरी तो ओळखेल. अंदाजाने लिहिलेलं चुकीचं नाव मात्र कोणालाच दुरुस्त करता येत नाही. आणि वही विभागाच्या दाखल नोंदवहीत चढवा, म्हणजे खोली रंगवताना ती टाकायची तर कोणाला तरी सही करावी लागेल.

माझ्या ५१ वह्या माझ्याकडे आहेत. खिळ्यांच्या जागा जीपीएसने घेतलेल्या आहेत, खालचे १८ खिळे अजून सापडतात. ज्या विभागाला हा कातळ पुढे न्यायचा असेल त्यांना मी वह्या विनाअट देईन, फक्त त्या दाखल करून घेतल्याची पोच हवी. यंदा मार्गशीर्ष अमावस्येनंतरच्या द्वितीयेला मी रेषेवर जाणार आहे. सुकती सकाळी साडेसहाच्या सुमारास असेल, नक्की वेळ बंदराच्या भरती-ओहोटीच्या पत्रकातून पाहून घ्या. अंधार असतानाच खाली उतरायला हवं, कारण शेवटचे चार चौकोन फार तर पाऊण तास उघडे राहतात. विद्यार्थी आणा. पायांत जुने कॅनव्हासचे बूट घाला, चपला कालवांवर टिकत नाहीत. माझा गुडघा आता खालच्या टप्प्यापर्यंत जाऊ देत नाही. तिथली चौकट तुमच्यापैकी कोणीतरी लावायची आहे, आकडे मी वरून लिहून घेईन.

आपली,
देवगड तालुक्यातली एक निवृत्त प्राध्यापिका